लग्नाआधीची मारहाण आणि मदतीची व्यवस्था

महाराष्ट्रात घरातील हिंसेविरुद्ध गेल्या चार दशकांत जी मदतव्यवस्था उभी राहिली, तिचा पाया हुंडाबळी आणि सासरचा छळ यांविरुद्धच्या चळवळीत घातला गेला. १९८३ साली भारतीय दंडसंहितेत सासरच्या छळाला गुन्हा ठरवणारे ४९८-अ हे कलम आले. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस दलाच्या आवारात महिला व बालकांसाठीचा पहिला विशेष कक्ष सुरू केला. पुण्यात विद्या बाळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नारी समता मंचाने ‘बोलते व्हा’ या केंद्रातून स्त्रियांना आपले दुःख चारचौघांत मांडण्याची जागा दिली. या साऱ्या प्रयत्नांसमोर दाद मागायला येणारी स्त्री बहुतेक वेळा कोणाची तरी पत्नी आणि सून होती, आणि त्या काळाचा विचार करता ते स्वाभाविकही होते. मात्र अठरा-वीस वर्षांची, शिकणारी किंवा नुकतीच नोकरीला लागलेली, लग्न न झालेली आणि प्रियकराकडून मार खाणारी मुलगी या चित्रात नव्हती, आणि आजही ती या व्यवस्थेत शिरते ती बाजूच्या दाराने.

जोडीदाराकडून होणारी हिंसा या संज्ञेत नवरा, प्रियकर, एकत्र राहणारा साथीदार किंवा नाते तुटल्यावरही पाठ न सोडणारा माजी साथीदार यांनी केलेली शारीरिक, लैंगिक, मानसिक आणि आर्थिक अशी सर्व प्रकारची हिंसा येते. विवाहित स्त्री आणि अविवाहित तरुणी यांना होणारी इजा सारखीच असली, तरी ती सांगण्याची किंमत सारखी नसते. विवाहितेला मार लपवावासा वाटतो, पण आपल्याला नवरा आहे ही गोष्ट तिला लपवावी लागत नाही. अविवाहित तरुणीला मात्र आधी नाते उघड करावे लागते आणि मगच मार सांगता येतो. ज्या घरात मुलीचे कोणावर प्रेम आहे एवढे कळणे हाच अपराध ठरतो, तिथे तक्रार म्हणजे स्वतःविरुद्धची साक्ष होते. म्हणून तरुणांसाठीच्या कोणत्याही मदतसेवेचे मोल तिची इमारत, तिचा निधी किंवा तिची जाहिरात यांवरून ठरत नाही, तर ती ऐकलेली गोष्ट आपल्यापाशी ठेवू शकते की नाही, यावरून ठरते.

हा प्रश्न मूठभर शहरी मुलींचा आहे, असा समज अजून टिकून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, ज्यांचे कधी तरी जोडीदाराशी नाते होते अशा १५ ते १९ वयोगटातील मुलींपैकी सुमारे २४ टक्के, म्हणजे जवळजवळ चारांतील एक, वयाची विशी गाठण्यापूर्वीच जोडीदाराच्या शारीरिक किंवा लैंगिक हिंसेला सामोरी गेलेली असते. भारतात या विषयाची सर्वांत मोठी मोजणी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून होते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. या आकड्याची चौकटच वैवाहिक असल्यामुळे प्रियकराकडून होणारी हिंसा त्यात उतरत नाही, आणि जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही. त्याच सर्वेक्षणाचा आणखी एक निष्कर्ष इथे महत्त्वाचा आहे: शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली होती, तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रियांनी ती गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती, आणि ज्यांनी मदत मागितली त्यांनी ती बहुतांशी माहेरच्या माणसांकडे मागितली होती. तरुण अविवाहित मुलीला नेमका हाच, माहेरचा, आधार मागता येत नाही.

या वयातील हिंसेचे रूप थोडे तपशिलाने पाहावे लागते, कारण ती बराच काळ हिंसा म्हणून ओळखूच येत नाही. सुरुवात बहुधा काळजीच्या भाषेत होते. पोहोचल्यावर फोन कर, कोणाबरोबर आहेस त्याचा फोटो पाठव, लाइव्ह लोकेशन चालू ठेव, त्या मित्राला ब्लॉक कर, इन्स्टाग्रामचा पासवर्ड दे, अशा मागण्या एकामागून एक येतात. मैत्रिणींमध्ये ‘तो जरा पझेसिव्ह आहे’ एवढ्यावर त्याची वासलात लागते, आणि चित्रपटांनी पाठलागाला प्रेमाचा पुरावा ठरवून ठेवलेले असल्यामुळे मुलीलाही त्यात आरंभी सुखच वाटते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात या वर्तनप्रकाराचे सविस्तर विवेचन केले. ज्याला मराठीत जबरी नियंत्रण म्हणता येईल अशा या प्रकारात एखाद-दुसऱ्या मारहाणीपेक्षा दुसऱ्या व्यक्तीचे येणे-जाणे, पैसे, कपडे, मित्रमंडळी आणि वेळ यांवर हळूहळू मिळवलेला ताबा अधिक निर्णायक असतो, आणि मारहाण हे तो ताबा टिकवण्याचे अनेक साधनांपैकी एक साधन असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असे नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. त्याआधी, २०१३ मध्ये, तिथल्या सरकारने कौटुंबिक हिंसेच्या आपल्या अधिकृत व्याख्येत १६ आणि १७ वर्षांच्या मुलामुलींचा समावेश केला होता, आणि त्यानंतर या वयोगटासाठी खास प्रशिक्षित कार्यकर्ते नेमण्याची पद्धत तिथे सुरू झाली.

तरुण नात्यांत दोन धमक्या विशेष प्रभावी ठरतात. पहिली, ‘सोडून गेलीस तर जिवाचं बरंवाईट करीन’ ही. हाताची नस कापल्याचे फोटो पाठवणे किंवा रात्री-अपरात्री रेल्वे रुळांजवळून फोन करणे असे प्रकार मुलीला स्वतःच्या सुटकेविषयी अपराधी करून सोडतात. दुसरी धमकी खासगी छायाचित्रे किंवा चित्रफिती पसरवण्याची. याशिवाय संततिनियमनाची साधने वापरू न देणे, गर्भपातासाठी किंवा त्याविरुद्ध दबाव आणणे, परीक्षेच्या आदल्या रात्री मुद्दाम भांडण काढणे, पहिल्या पगाराचे एटीएम कार्ड ताब्यात घेणे, हेही या वयातील हिंसेचे नेहमीचे भाग आहेत. गळा दाबणे या कृतीकडे मात्र कोणत्याही वयात वेगळ्या गांभीर्याने पाहावे लागते. अमेरिकेतील परिचर्या-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात जोडीदाराकडून खून होण्याचा धोका ताडण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, तिच्या वापरातून आणि पुढील अभ्यासांतून असे दिसून आले की पूर्वी गळा आवळला गेला असेल तर पुढे जिवाला असलेला धोका कैक पटींनी वाढतो. मानेवर वळ नसला तरी आतील इजा संभवते, म्हणून ‘फक्त गळा धरला होता’ असे सांगणाऱ्या मुलीला वैद्यकीय तपासणीसाठी नेणे हे समुपदेशकाचे पहिल्याच दिवशीचे काम असते.

कायद्याकडे वळले, की लग्नाची चौकट किती घट्ट आहे हे ध्यानात येते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला, आणि हिंसेची त्याने केलेली व्याख्या खरोखर उदार आहे. शिवीगाळ, अपमान, आर्थिक कोंडी हे सारे तिच्यात येते. परंतु त्याचा लाभ घेण्यासाठी दोघांमध्ये ‘कौटुंबिक संबंध’ असावा लागतो, म्हणजे रक्ताचे, विवाहाचे, दत्तकाचे किंवा ‘विवाहसदृश’ नाते असावे लागते आणि दोघे कधी तरी एका घरात राहिलेले असावे लागतात. विवाहसदृश म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील वेलुसामी खटल्यात सांगितले: दोघे लग्नाच्या वयाचे आणि लग्नाला अन्यथा पात्र असावेत, स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले असावेत, आणि समाजासमोर पती-पत्नीसारखे वावरलेले असावेत. शनिवार-रविवारची सोबत या व्याख्येत बसत नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. पुण्यात किंवा नाशिकमध्ये सदनिका भाड्याने घेऊन काही वर्षे एकत्र राहिलेल्या तरुणीला या कायद्याखाली संरक्षण आदेश मागता येतो. पण जी वसतिगृहात राहते आणि जिचा प्रियकर आपल्या आई-वडिलांच्या घरी राहतो, तिला तो मागता येत नाही, मग तिला होणारी मारहाण कितीही नियमित असो.

तिच्यासाठी उरतो तो सर्वसाधारण फौजदारी कायदा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाठलागाचे कलम ७८ आहे, ज्यात स्त्रीच्या इंटरनेट-वापरावर पाळत ठेवणेही येते. कलम ७७ नुसार छायाचित्र काढायला संमती दिली असली तरी ते इतरांना दाखवायला संमती नसेल, तर त्याचा प्रसार हा गुन्हा आहे. दुखापत, धाकदपटशा, खंडणी, अडवून ठेवणे यांची कलमे आहेतच. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात, गुन्हा कुठे घडला हे न पाहता, नोंदवता येते आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करण्याची सोयही नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. पण फौजदारी कायदा घडून गेलेल्या कृत्यासाठी शिक्षा देतो. ‘उद्यापासून याने हिच्या कॉलेजच्या आसपास फिरकू नये’ असा दिवाणी स्वरूपाचा सोपा, जलद आदेश तो सहज देत नाही, आणि तरुण मुलीला बहुधा नेमके तेवढेच हवे असते. याचा एक परिणाम मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर रोज दिसतो. अविवाहित तरुणीवरील हिंसा तिथे प्रामुख्याने ‘लग्नाचे आमिष दाखवून’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या बातमीत येते, कारण फसवणुकीने ठेवलेल्या लैंगिक संबंधांचे कलम (आता संहितेतील कलम ६९) ही पोलिसांच्या सर्वाधिक परिचयाची वाट आहे. दोन वर्षे झालेली मारहाण तक्रारीत एका ओळीत उरकते आणि न झालेले लग्न पानभर येते. हिंसेला दाद मिळवण्यासाठी मुलीला लग्न मोडल्याचे दुःख सांगावे लागते, जरी तिला त्या माणसाशी लग्न करण्याची आता तिळमात्र इच्छा नसली तरी.

अठरा वर्षांखालील मुलींची कोंडी आणखी वेगळी आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, जो पॉक्सो या नावाने ओळखला जातो, अठरा वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक संबंधांना असलेली संमती मानत नाही, आणि त्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती झालेल्या प्रत्येकाला, त्यात डॉक्टर, शिक्षक व समुपदेशकही आले, ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे. लहान मुलांच्या बाबतीत या तरतुदीची गरज निर्विवाद आहे. पण सतरा वर्षांच्या मुलीने ‘माझा बॉयफ्रेंड मला मारतो’ असे सांगताच, तिच्या इच्छेचा विचार न होता, प्रकरण पोलिसांत, बालकल्याण समितीत आणि म्हणून घरात पोहोचणार असेल, तर ती पुढच्या वेळी तोंड उघडणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपातविषयक निकालात याची अंशतः दखल घेतली आणि अल्पवयीन मुलगी व तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही असे म्हटले. मात्र यातही पालक आहेतच. विधी आयोगाने २०२३ मधील आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय कमी करू नये, परंतु १६ ते १८ वयोगटातील संमतीच्या नात्यांबाबत न्यायालयाला शिक्षेत तारतम्य वापरता यावे, अशी शिफारस केली. ही चर्चा मुख्यतः मुलाला होणाऱ्या शिक्षेभोवती फिरते. मार खाणाऱ्या मुलीला गुप्तपणे सल्ला मिळावा की नाही, हा प्रश्न तीत जवळजवळ येतच नाही. तोवर समुपदेशकाला एकच प्रामाणिक मार्ग उरतो, तो म्हणजे मुलगी बोलायला लागण्यापूर्वीच, कोणती गोष्ट आपण स्वतःपाशी ठेवू शकतो आणि कोणती ठेवू शकत नाही, हे तिला सोप्या शब्दांत सांगणे. हे न सांगता आधी विश्वास मिळवायचा आणि मग पोलिसांना फोन करायचा, ही त्या मुलीच्या बाबतीत दुसरी फसवणूक ठरते.

प्रत्यक्ष उपलब्ध सेवांमध्ये रुग्णालयातील सेवा तरुणींसाठी सर्वांत उपयुक्त ठरण्याची शक्यता आहे, आणि त्याचे कारण साधे आहे: दवाखान्यात जाण्यासाठी घरी खरे कारण सांगावे लागत नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून २००० च्या सुमारास ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले, जे पुढे शहरातील इतर महापालिका रुग्णालयांतही पोहोचले. हिंसेकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहणारा हा देशातील आद्य प्रयत्नांपैकी एक. त्यामागची कल्पना अशी की मार खाल्लेली स्त्री पोलिसांकडे जाईल न जाईल, पण जखम घेऊन दवाखान्यात कधी ना कधी येतेच. तेव्हा परिचारिका आणि डॉक्टर यांनाच हिंसेच्या खुणा ओळखायला शिकवावे. वारंवार ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणारी, फिनेल किंवा उंदराचे औषध ‘चुकून’ प्यायलेली तरुणी ही या दृष्टीने विचारपूस करण्याची व्यक्ती असते, केवळ पोट धुऊन घरी पाठवण्याची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये याविषयी वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्यानंतर, दोष न देता ऐकून घेणे, गरजांची चौकशी करणे, सांगितलेले खरे मानणे, सुरक्षितता वाढवणे व पुढील आधाराशी जोडून देणे ही पाच पावले आरोग्यसेवकांसाठी ठरवून दिली.

केंद्र सरकारच्या योजनेतून २०१५ पासून जिल्ह्या-जिल्ह्यांत उभी राहिलेली सखी वन स्टॉप सेंटरे ही दुसरी महत्त्वाची जागा. वैद्यकीय मदत, पोलीस, वकील आणि समुपदेशन एका छताखाली मिळावे, आणि पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळावा, अशी ही रचना आहे, आणि विवाहाची अट तिला नाही. स्त्रीच्या उत्पन्नाचा विचार न करता मोफत वकील देण्याची तरतूद विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये आहे, आणि त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात थेट जाता येते किंवा १५१०० या क्रमांकावर विचारता येते. तातडीच्या संकटात ११२, महिलांसाठी १८१, अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८, सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. पाच दिवसांनंतर काय, हा प्रश्न मात्र तरुण मुलीच्या बाबतीत अवघड होतो, कारण दीर्घ मुदतीची निवारागृहे मुख्यतः निराधार स्त्रियांचा विचार करून आखलेली आहेत. सकाळी सातच्या लेक्चरला जाणाऱ्या किंवा रात्रपाळीची नोकरी करणाऱ्या मुलीचे वेळापत्रक त्यांच्या नियमांत बसवणे कठीण जाते.

महाविद्यालयांकडे मात्र एक हत्यार आहे, जे फारसे उपसले जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत समिती असणे सक्तीचे आहे, तिच्यासमोरील प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तर तीन विद्यार्थी-प्रतिनिधीही तिच्यावर असावे लागतात, आणि चौकशी चालू असतानाच आरोपीला तक्रारदाराशी संपर्क ठेवण्यास मनाई करणे किंवा दोघांपैकी एकाची तुकडी बदलणे असे अंतरिम उपाय ती सुचवू शकते. दोघेही एकाच महाविद्यालयात असतील आणि छळाचे स्वरूप लैंगिक असेल, तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातून न मिळणारा ‘दूर राहा’ हा आदेश इथून मिळू शकतो. पण अनेक ठिकाणी ही समिती सूचनाफलकावरील नावांच्या यादीपलीकडे जात नाही, आणि ‘तुमच्यातलं भांडण आहे, इथे कशाला आणता’ हे उत्तर, पूर्वी प्रेमसंबंध होते एवढ्यावरून, दिले जाते. पूर्वीचे प्रेम हे पुढच्या छळाला दिलेले परवानापत्र नव्हे, एवढी साधी गोष्ट समितीच्या सदस्यांना प्रशिक्षणातच सांगितली जायला हवी.

चांगल्या केंद्रात समुपदेशक काय करते, याविषयी सर्वसाधारण वाचकाच्या मनात बराच गोंधळ असतो, कारण आपल्याकडे पोलीस ठाण्यात मुलाला बोलावून दमात घेणे आणि त्याच्याकडून हमीपत्र लिहून घेणे यालाही समुपदेशनच म्हणतात. विवाहितेच्या बाबतीत अशा बैठकीचा शेवट ‘समेट’ होण्यात होतो. अविवाहितेच्या बाबतीत तो बहुधा तिच्या आई-वडिलांना बोलावण्यात होतो, आणि त्यानंतर मुलीचे कॉलेज सुटते, फोन काढून घेतला जातो, मामाच्या गावी रवानगी होते किंवा घाईघाईने स्थळ पाहिले जाते. जात किंवा धर्म वेगळा असेल तर धोका घरातूनच सुरू होतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांबाबत परिवार समन्वय समिती नेमली, तेव्हाही रोख मुलगी कुटुंबापासून तुटल्याकडे होता. कुटुंब पाठीशी असणे हे मोठेच बळ असते, यात शंका नाही. पण नात्यांवर नजर ठेवून ते बळ निर्माण होत नाही, उलट मुली आपले नाते आणखी खोल लपवतात.

खऱ्या समुपदेशनाचा गाभा सुरक्षा आराखडा हा असतो. नाते संपवण्याचा काळ आणि त्यानंतरचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, हे जगभरातील कार्यकर्त्यांच्या अनुभवातून आणि संशोधनातून पक्के झालेले आहे, म्हणून ‘सोडून दे त्याला’ हा मैत्रिणींचा आणि कधी कधी समुपदेशकांचाही सल्ला तयारीशिवाय दिला, तर तो जिवावर बेतू शकतो. आराखड्यात अगदी घरगुती गोष्टी असतात. शेवटची भेट एकांतात घ्यायची नाही, घेतलीच तर गजबजलेल्या हॉटेलात आणि कोणाला तरी सांगून. एका मैत्रिणीशी सांकेतिक शब्द ठरवायचा, जो आला की तिने काही न विचारता फोन करायचा किंवा पोलिसांना कळवायचे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि थोडी रोकड त्याच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी हलवायची. लोकलची वेळ, क्लासचा रस्ता, बसथांबा काही काळ बदलायचा. वसतिगृहाच्या रेक्टरला किंवा कार्यालयातील एका विश्वासू सहकाऱ्याला, हवे तेवढेच सांगून, सावध ठेवायचे. फोनचा भाग वेगळा आणि नाजूक असतो. व्हॉट्सॲप दुसऱ्या कोणत्या संगणकावर जोडलेले आहे का, गूगल खाते कोणत्या उपकरणांवर उघडे आहे, लोकेशन कोणाला दिसते, हे तपासायचे. पण सारे पासवर्ड एका रात्रीत बदलले तर पाळत ठेवणारा सावध होतो आणि चिडतो, म्हणून कोणता बदल केव्हा करायचा याचाही क्रम ठरवावा लागतो, आणि ही चौकशी शक्यतो दुसऱ्याच्या फोनवरून करावी लागते. धमकीचे संदेश वाचून किळस आली तरी ते पुसायचे नाहीत. तारीख, वेळ आणि क्रमांक दिसतील असे स्क्रीनशॉट घेऊन ते दुसरीकडे ठेवायचे, आणि मूळ फोनही जपायचा, कारण भारतीय साक्ष अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते.

यात निर्णय मुलीचा असतो, आणि ती पुन्हा त्याच्याकडे गेली तरी केंद्राचे दार बंद होत नाही. ही गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही. ‘एवढं सांगून परत गेली’ म्हणून चिडणाऱ्यांत आई-वडील, पोलीस आणि जिवलग मैत्रिणी हे सगळे असतात. परंतु ताबा तुटण्याला वेळ लागतो, परत जाणे हा त्या प्रक्रियेचा अपवाद नसून नेहमीचा भाग असतो, आणि ज्या समुपदेशकाला हे ठाऊक असते तिच्याकडेच ती मुलगी तिसऱ्यांदाही येते.

छायाचित्रांच्या धमकीवर आता काही प्रमाणात तांत्रिक उपाय आहे, आणि तो पुरेशा लोकांना माहीत नाही. ‘स्टॉप एनसीआयआय’ ही २०२१ च्या अखेरीस सुरू झालेली आंतरराष्ट्रीय सेवा अठरा वर्षांवरील व्यक्तींच्या खासगी छायाचित्राचा एक अंकीय ठसा तयार करते. चित्र फोनमधून बाहेर जात नाही, फक्त तो ठसा सहभागी समाजमाध्यम कंपन्यांकडे जातो आणि त्याच्याशी जुळणारे चित्र कोणी तिथे टाकले तर ते रोखता येते. अठराखालील असताना काढलेल्या चित्रांसाठी ‘टेक इट डाउन’ ही अशीच वेगळी सेवा आहे. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा चित्राबाबत त्या व्यक्तीने तक्रार केल्यास ते हटवण्यासाठी कंपनीला २४ तासांची मुदत घातली, आणि केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर या प्रकारची तक्रार नाव न देताही करण्याची सोय आहे. टेलिग्रामच्या बंद गटांत किंवा मित्रांच्या फोनमध्ये फिरणारे चित्र या जाळ्यात सापडेलच असे नाही. तरीही ‘एकदा व्हायरल झालं की संपलं’ या समजुतीवरच धमकीचा सारा जोर उभा असतो, आणि उपाय अर्धा असला तरी तो आहे हे कळताच तो जोर बराच ओसरतो.

या व्यवस्थेच्या अगदी कडेला उभे असलेले तरुण म्हणजे मुलगे, समलिंगी आणि पारलिंगी व्यक्ती. २००५ च्या कायद्यात दाद मागणारी व्यक्ती स्त्रीच असावी लागते. समलिंगी नात्याला २०१८ नंतर गुन्हा मानले जात नसले तरी विवाहसदृश नात्याची मान्यता नाही. आणि जुन्या दंडसंहितेच्या ३७७ कलमातील उरलेला, असंमतीच्या संबंधांबाबतचा भाग नव्या संहितेत न आल्यामुळे, प्रौढ पुरुषावर जोडीदाराने केलेल्या लैंगिक अत्याचाराला आज स्वतंत्र कलमच नाही. पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात छळाविरुद्ध तरतूद आहे, पण कमाल शिक्षा दोन वर्षांची. ‘घरी सांगीन’ ही धमकी समलिंगी तरुणाला कोणत्याही छायाचित्राइतकी भारी पडते, कारण त्याला एकाच वेळी नाते आणि आपली ओळख अशा दोन गोष्टी लपवायच्या असतात. मुंबईतील हमसफर ट्रस्ट, लेबिया यांसारख्या समुदायातूनच उभ्या राहिलेल्या संस्था हा त्यांचा मुख्य आधार आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तोही नाही.

तरुण मुले-मुली पहिल्यांदा बोलतात ती मित्र-मैत्रिणींशी, समुपदेशकाशी नव्हे. म्हणून वर्गमित्रांनाच थोडे शिकवणे हा सर्वांत स्वस्त आणि दूरवर पोहोचणारा उपाय आहे. हरीश सदानी यांनी स्थापन केलेली ‘मावा’ ही संस्था १९९३ पासून पुरुषांमध्ये हिंसेविरुद्ध काम करते, आणि २००६ पासून तिच्या ‘युवा मैत्री’ उपक्रमातून महाविद्यालयीन मुलांचे गट तयार झाले, ज्यांत नकार पचवणे, संशय, पुरुषीपणाची कल्पना यांवर मुलांशी मुलेच बोलतात. पुण्यात नारी समता मंचाने पुरुष संवाद केंद्रही सुरू केले होते. अशा कामाला नेहमी एक आक्षेप घेतला जातो, की मारणाऱ्यावर कशाला वेळ घालवायचा. त्याला उत्तर व्यवहारातले आहे. हात उचलणारा एकोणीस वर्षांचा मुलगा एका मुलीपासून दूर केला तरी तो दुसरीकडे जातो, आणि त्या वयात त्याच्याशी बोलायला कोणी नसेल तर दहा वर्षांनी तो ज्या कक्षात येतो तो विशेष कक्ष असतो, आणि त्याच्यासोबत तेव्हा त्याची पत्नी असते.